युनिटच्या सकाळच्या पीटीत जवानांच्या पत्नी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे–नवी मुंबई)

तळोज्यात रॅपिड ॲक्शन फोर्सची (आरएएफ) १०२ वी बटालियन आहे, कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे, खाडीपलीकडे करंजाला नौदलाचा तळ आहे. त्याशिवाय कळव्यापासून कामोठ्यापर्यंत साध्या सोसायट्यांमध्ये राहणारी कितीतरी फौजी कुटुंबं आहेत, ज्यांचा माणूस जम्मूला किंवा तेजपूरला आहे. या घरांतल्या बायका पीटीबद्दल, म्हणजे युनिटच्या शारीरिक कवायतीबद्दल, जे विचारतात, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. दलानुसार नियम बदलतात, शरीराचे नियम मात्र सगळीकडे सारखेच.

पत्नीला युनिटच्या पीटीत उभं राहता येतं का?

पीटी परेड ही ड्यूटी आहे. तिथे हजेरी लागते, गिनती होते, आणि आलेल्या प्रत्येकाची जबाबदारी कमांडवर असते. त्यामुळे जवानांच्या रांगेत जाऊन थेट फॉल-इन होणं जमत नाही, आणि तसा आग्रहही धरू नये.

जमतं ते असं: कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीने त्याच मैदानावर कुटुंबांचं वेगळं स्क्वाड उभं राहतं. वेळ तीच असते किंवा परेड सुटल्यावर अर्ध्या तासाने. पीटीचा एखादा उस्ताद (प्रशिक्षक) किंवा प्रशिक्षित महिला ते चालवते. दुसरी वाट म्हणजे खास दिवस. २१ जूनचा योग दिवस, वर्धापन दिनाची दौड (आरएएफचा वर्धापन दिन ७ ऑक्टोबरला असतो), फिट इंडियाचे उपक्रम. या दिवशी कुटुंबांना बहुतेक ठिकाणी बोलावलं जातं. ज्यांना कायमचं स्क्वाड हवं आहे, त्यांनी अशा दिवसापासून सुरुवात करावी. पंधरा-वीस जणी वेळेवर आल्या, शिस्तीत धावल्या, हे साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढचा अर्ज सोपा होतो.

परवानगी कशी मागायची? अर्ज परत का येतात?

अर्ज एकटीच्या नावाने देऊ नका. कुटुंब कल्याण केंद्रामार्फत, सहा-आठ जणींच्या वतीने द्या. एक पान पुरतं. त्यात एवढं हवं: किती जणी, वयोगट काय, कोणते वार, किती ते किती वाजता, मैदानाचा कोणता भाग, सराव कोण घेणार, प्रत्येकीची वैद्यकीय तपासणी झाली आहे का, आणि लहान मुलं त्या वेळी कोणाकडे असतील.

अर्ज अडतात ते बहुतेक तीन कारणांनी. पहिलं, मुदत नसते. ‘रोज, कायम’ असं लिहिलं की कोणी सही करत नाही. ‘आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, त्यानंतर आढावा’ असं लिहिलं तर होते. दुसरं, जबाबदार माणसाचं नाव नसतं. तिसरं कारण मुलांचं. मैदानात जवान वजन घेऊन धावत असताना चार वर्षांचं मूल मध्ये आलं तर काय, हा प्रश्न सुभेदार मेजर साहेबांच्या मनात सगळ्यात आधी येतो. त्याचं उत्तर अर्जातच असू द्या.

दुखापतीबद्दल संमतीपत्र मागितलं तर वाचून, समजून सही करा. यात अविश्वास काही नाही. कोण मैदानात होतं आणि काय झालं याची नोंद तुमच्याही कामाची असते.

आम्ही छावणीबाहेर राहतो. गेटवर काय लागेल?

डिपेंडंट कार्ड (जवानाच्या कुटुंबीयांचं ओळखपत्र) आणि मंजूर यादीत तुमचं नाव. यादीची एक प्रत गार्ड रूममध्ये पोहोचली आहे ना, हे पहिल्या दिवसाच्या आधी पतीकडून विचारून घ्या; पहिल्या सकाळी बायका गेटवरच अडकतात त्या यामुळे. स्कूटी आणणार असाल तर तिचा नंबरही यादीत हवा. शेजारीण, बहीण, नणंद यांना ‘आजच्या दिवस’ सोबत आणू नका. सगळ्यांची परवानगी जाते.

पीटीत नेमकं काय असतं?

साधारण ४० मिनिटं. सुरुवातीची चार-पाच मिनिटं फॉल-इन आणि गिनती, मग आठ-दहा मिनिटं अंग गरम करणं, त्यानंतर वीस मिनिटं मुख्य काम: एक दिवस दौड, एक दिवस ताकद, एक दिवस छोट्या स्प्रिंट किंवा खेळ. शेवटी पाच मिनिटं अंग सैल करणं.

जवान ज्या चाचण्यांसाठी तयार होतात त्या समजून घेतल्या तर मैदानावरचा वेग का तसा असतो ते कळतं. सैन्यात वर्षानुवर्षं चालत आलेल्या पीपीटी या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत २.४ किलोमीटर दौड, चिन-अप, सिट-अप, शटल आणि १०० मीटर असतात. बीपीईटी या लढाईसाठीच्या क्षमतेच्या चाचणीत शस्त्र आणि वजनासह ५ किलोमीटर, ६० मीटर स्प्रिंट, उभा दोर, आडवा दोर आणि ९ फुटांचा खड्डा ओलांडणं. वजन घेऊन एक किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास धावणारी ती माणसं आहेत. नव्याने सुरू करणाऱ्या बाईची भरभर चाल किलोमीटरला दहा-अकरा मिनिटांची असते. हे अंतर हिमतीचं नाही, सरावाच्या वर्षांचं आहे, आणि पहिल्याच दिवशी ते भरून काढायला गेलं की नडगी किंवा गुडघा धरतो.

दोर, खड्डा आणि वजन घेऊन दौड या तीन गोष्टी कुटुंबांच्या स्क्वाडमध्ये नकोतच. उस्तादांनी उत्साहाने सुचवल्या तरी नको म्हणा.

सुरू करण्याआधी माझी किती तयारी हवी?

सपाटीवर ३० मिनिटं न थांबता भरभर चालता आलं आणि दुसऱ्या दिवशी घरातली कामं नेहमीसारखी झाली, तर तुम्ही मैदानावर यायला तयार आहात. तिथून वीस-पंचवीस मिनिटं सलग धावण्यापर्यंत आठ आठवडे धरा. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा.

पहिले दोन आठवडे फक्त चाल, ३० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात १ मिनिट हळू धावणं आणि २ मिनिटं चाल, असं आठ वेळा. चौथ्यात २ मिनिटं धावणं, २ मिनिटं चाल, सहा वेळा. पाचव्यात ३ मिनिटं धावणं, दीड मिनिट चाल, पाच वेळा. सहाव्यात ५ मिनिटं धावणं आणि १ मिनिट चाल, चार वेळा. सातव्यात १० मिनिटं धावून १ मिनिट चाल, दोनदा. आठव्यात २० मिनिटं सलग, जमलं तर २५.

वेग किती? धावता धावता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद करून आले’ एवढं एका दमात म्हणता येत नसेल तर वेग जास्त आहे, कमी करा. मोबाईलवरच्या आकड्यांपेक्षा ही परीक्षा खरी, कारण दमट हवेत तोच वेग शरीराला जास्त जड पडतो आणि घड्याळाला ते कळत नाही.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. आजारपणात किंवा गावी जाण्यात दोन आठवडे गेले तर दोन पायऱ्या मागे या. सोडलं होतं तिथूनच सुरू केलं की दुखणी येतात.

कोणत्या तपासण्या आधी कराव्यात?

रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन. या तिन्ही एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात होतात.

यात हिमोग्लोबिनकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे दहाजणींच्या स्क्वाडमध्ये पाच-सहा जणी. ‘माझा स्टॅमिनाच नाही’ असं म्हणणाऱ्या बाईला खरं तर अनेकदा लोह कमी असतं. जिना चढताना धाप लागणं, सकाळी उठल्यावरही थकवा, केस गळणं, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लक्षणं असतील तर आधी रक्त तपासा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नका. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत किमान एक तास ठेवा, गोळीसोबत लिंबूपाणी चालेल. हिमोग्लोबिन वर आलं तरी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण शरीराचा साठा भरायला वेळ लागतो.

छातीत दुखणं, धावताना चक्कर येऊन पडणं, घरात कोणी तरुण वयात अचानक हृदयविकाराने गेलेलं असणं, दमा, थायरॉईड, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय मैदानावर येऊ नका.

प्रसूतीनंतर कधी धावता येतं?

चाल लवकर सुरू करता येते. धावणं मात्र किमान १२ आठवड्यांनंतर, आणि तेही शरीर तयार असेल तर. तयारी घरीच पाहता येते: ३० मिनिटं चालणं, एका पायावर १० सेकंद उभं राहणं, एका पायावर थोडं वाकून उठणं दहा वेळा, जागच्या जागी १ मिनिट दुडक्या, एका पायावर दहा उड्या. हे दोन्ही पायांनी करताना वेदना, खाली जडपणा, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं किंवा लघवी गळणं यांतलं काहीही झालं तर अजून थांबा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सिझेरियन झालं असेल तर टाके बाहेरून सुकले म्हणजे आतून भरले असं नसतं. सिट-अप आणि दोन्ही पाय एकदम उचलण्याचे व्यायाम टाळा. उताणं झोपून डोकं किंचित उचलल्यावर पोटाच्या मधोमध उंचवटा किंवा खाच दिसली तर स्नायू अजून वेगळे आहेत. अंगावर पाजत असाल तर धावायच्या आधी बाळाला पाजा. छाती हलकी होते आणि बाळ त्या वेळात शांत राहतं.

धावताना, उडी मारताना थोडी लघवी गळते. हे बायकांना होणारच का?

होतं पुष्कळ जणींना, पण सोसत राहायचं कारण नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करा: लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढा, जमेल तितकं, दहा सेकंदांपर्यंत धरा, पूर्ण सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. मांड्या, नितंब आणि श्वास आवळले जात असतील तर चुकतं आहे. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. तोपर्यंत मैदानावर जम्पिंग जॅकऐवजी पाऊल बाजूला टाकत हात वर घ्या. उस्तादांना कारण सांगायची गरज नाही. ‘मला उड्या मना आहेत’ एवढं पुरे. आणि गळेल या भीतीने सकाळपासून पाणीच न पिणं हा उपाय नाही.

पाळीत यावं का?

वाटलं तर या. धावण्याने अपाय होत नाही, काहींच्या कळा कमी होतात. रक्तस्राव फार असेल तर त्या दिवशी चाला.

कपडे, बूट, दागिने कसे असावेत?

बूट आधी. जवानांचे तपकिरी कॅनव्हासचे पीटी शूज पाहून तसेच घेऊ नका. त्यांच्या पायांना वर्षानुवर्षांची सवय असते आणि मऊ तळाशिवाय डांबरावर धावणं नवख्या नडगीला सोसत नाही. साधे रनिंग शूज घ्या, संध्याकाळी घ्या (दिवसभरात पाय थोडा फुगतो), मोजे घालून मापा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. ६०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ बसतो. आठवड्याला १२–१५ किलोमीटर होत असतील तर सुमारे वर्षभर पुरतात.

चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच गरजेची आहे. खालचा पट्टा घट्ट, पण दोन बोटं आत जातील इतका. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टा सैल आहे आणि वजन खांद्यांवर आलं आहे. वर ढगळ टी-शर्ट किंवा आखूड कुर्ता, खाली ट्रॅक पँट. ओढणी नको, सूर्यनमस्कारात आणि पुश-अपमध्ये ती तळहाताखाली येऊन माणूस तोंडावर पडतो.

जोडव्यांचं कोणी सांगत नाही. बुटाच्या आत जोडवं शेजारच्या बोटाला घासतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोड येतो आणि त्या फोडामुळे पाय वाकडा टाकला की गुडघा दुखू लागतो. काढायची नसतील तर पातळ, सपाट जोडवी ठेवा आणि त्यांच्यावर वैद्यकीय चिकटपट्टीचा एक फेरा द्या. मंगळसूत्र लांब असेल तर आखूड घाला किंवा कपड्याच्या आत टाका. काचेच्या बांगड्या जमिनीवरच्या व्यायामात फुटतात. त्या घरीच ठेवा.

पीटीआधी काय खावं? उपवासाच्या दिवशी काय?

रात्रीचं जेवण नीट झालं असेल तर सकाळी अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि एक पेला पाणी. नुसत्या चहावर येऊ नका. आम्लपित्त असणाऱ्यांना तो धावताना घशाशी येतो. पीटीनंतर तासाभरात खरा नाश्ता करा: मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडी, थालीपीठ-दही. डबे भरताना स्वतःचा नाश्ता अकरापर्यंत लांबतो आणि मग दिवसभर अंग मोडून येतं. हेच ‘पीटी झेपत नाही’ या तक्रारीमागचं एक मोठं कारण आहे.

मार्गशीर्षातला गुरुवार, चतुर्थी अशा उपवासात फळं, दूध, राजगिरा खाऊन हलका व्यायाम चालतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास असतील तर धावणं निम्मं करा. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास असेल त्या दिवशी मैदानावर येऊ नका, आणि दुसऱ्या दिवशीही फक्त चाला.

इथल्या उकाड्यात कसं जमवायचं?

खाडीकाठच्या हवेत तापमानापेक्षा दमटपणा त्रास देतो. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे इथले कठीण महिने. तेव्हा सात वाजायच्या आत संपवा, आणि शरीराला सवय होईपर्यंत पहिले दहा-बारा दिवस वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवा. साताऱ्या-सांगलीकडून नुकत्याच आलेल्या बाईने हे आवर्जून पाळावं. तिकडच्या कोरड्या सकाळी जे सहज होतं ते इथे होत नाही.

४० मिनिटांसाठी साधं पाणी पुरतं: निघताना एक पेला, संपल्यावर तहानेनुसार. घाम फारच गेला तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

डोकं दुखणं, मळमळ, अंगावर शहारे येणं ही थांबायची खूण. सावलीत बसवा, मानेवर-काखेत ओला कपडा ठेवा, घोट घोट पाणी द्या. पण ती असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. तोंडात पाणी ओतू नका, अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहा, आणि ओतता ओतताच डॉक्टरांना बोलवा.

पावसाळ्यात बंद ठेवायचं का?

नाही, जागा बदलायची. मैदानाचा चिखल घोटा मुरगळवतो, शेवाळलेली फरशी त्याहून वाईट. पत्र्याची शेड किंवा बराकीचा व्हरांडा मिळाला तर ताकदीचे व्यायाम, जिन्याच्या फेऱ्या आणि सूर्यनमस्कार घ्या. सरळ पावसात धावायला हरकत नाही. ठाण्यात पावसाळ्यात वर्षा मॅरेथॉन भरत आली आहे. मात्र वीज कडाडत असेल तर मैदान लगेच सोडा.

साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. उंदीर-गुरांच्या मुतातून त्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात आणि पायावरच्या छोट्याशा खरचटण्यातून आत जातात. जावंच लागलं तर घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्या. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवले तर डिंक सुटतो.

पतीचं युनिट दूर आहे. इथे कुठे सराव करू?

नवी मुंबईत खारघरचं सेंट्रल पार्क आणि नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई इथे चालण्या-धावण्याची वाट आहे, गर्दी असते, बाईला एकटीने जायला ठीक. वाशीला सागर विहार चालेल. पाम बीच रस्त्यावर गाड्यांच्या बाजूने धावू नका. बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ पहिल्या आठ आठवड्यांत नको. उतरताना गुडघ्यांवर भार येतो. ठाण्यात कचराळी तलाव आणि उपवन. येऊरचा रस्ता सुंदर आहे, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर असतो. अंधारात जाऊ नका, एकटीने तर नाहीच.

पतीकडून फोनवर त्यांच्या युनिटचा कार्यक्रम मागवून तो करू नका. वर दिलेला आठ आठवड्यांचा क्रम तुमच्यासाठी आहे. त्याच भागातल्या आणखी दोन-तीन फौजी घरांतल्या बायका मिळाल्या तर वार ठरवून एकत्र जा. जलवायू विहारसारख्या फौजी कुटुंबांच्या वसाहतीत हे सोपं जातं.

कुठलं दुखणं चालेल, कुठलं नाही?

दोन्ही मांड्या, पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दुखतात, तिसऱ्या दिवशी कमी होतात: चालेल. धावताना बरगडीखाली टोचतं: वेग कमी करा, लांब श्वास सोडा, जाईल. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर ठसठस: धावणं दोन आठवडे निम्मं करा, डांबराऐवजी मातीवर या, बूट तपासा.

मात्र हाडावर एका बोटाने दाखवता येईल इतक्याच जागी दुखत असेल, रात्रीही दुखत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. बामने चोळून, पट्टी बांधून धावत राहिलं की ती चीर मोठी होते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती दिसतेच असं नाही, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून लगेच धावू नका.

पुश-अप आणि चिन-अप अजिबात होत नाहीत.

गुडघे टेकून पुश-अप करण्यापेक्षा उंचीवरून सुरू करा: ओट्याच्या उंचीचा कठडा, मग खाटेची कड, मग पायरी, मग जमीन. प्रत्येक उंचीवर दहाचे तीन सेट स्वच्छ झाले की खाली उतरा. कंबर लोंबकळू लागली की सेट संपला असं समजा.

चिन-अपसाठी आधी फक्त लोंबकळा. १० सेकंदांपासून ३० पर्यंत. मग स्टुलावरून वर चढून हनुवटी दांड्यावर ठेवा आणि पाच सेकंद घेत सावकाश खाली या, असं तीन ते पाच वेळा, आठवड्यातून दोनदा. पहिली चिन-अप यायला काही महिने लागतात. स्टूल कोणीतरी धरलेलं असू द्या.

मैदानावर कसं वागायचं? पतीच्या हुद्द्याचं काय?

स्क्वाडमध्ये रांग वेगानुसार लागते. मेजर साहेबांची पत्नी चालणाऱ्यांत आणि शिपायाची पत्नी सगळ्यांच्या पुढे, हे पहिल्या दिवशीच मोकळेपणाने मान्य झालं तरच स्क्वाड टिकतं. ज्येष्ठ मॅडमनी स्वतः मागच्या गटात उभं राहिलं की बाकीच्यांचा संकोच जातो. सराव घेणाऱ्याला ‘उस्ताद’ किंवा ‘साहेब’ म्हणा. तेही ‘वहिनी’ किंवा ‘मॅडम’ म्हणतील. शरीर दुरुस्त करताना त्यांनी तोंडी सांगावं, हात लावू नये. हे आधीच ठरवा.

पती-पत्नी एकाच गटात नकोत. तो वेग वाढवायला सांगतो, ती ऐकते, आणि दुखापत होते. जवानांच्या स्क्वाडला कधीही मधून ओलांडू नका, मागून वळसा घाला.

फोटो आणि फिटनेस ॲप?

छावणीत दोन्ही नको. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या ॲपच्या नकाशावर जगभरातल्या लष्करी तळांवरचे धावण्याचे मार्ग उघडे पडले होते. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं, फक्त घड्याळ चालू होतं. तुमच्या घड्याळाचं जीपीएस गेटच्या आधी बंद करा. हजेरीची वेळ, किती जण होते, युनिट कुठे निघालंय, यांतलं काहीही व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका.

पीटी करून पोलीस भरतीची तयारी होईल का?

पाया होईल, तयारी वेगळी करावी लागेल. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत महिलांना ८०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५ गुण) आणि ४ किलोचा गोळा (१५ गुण) असतो. युनिटची सावकाश दौड ८०० मीटरच्या वेगाला पुरत नाही. २० मिनिटं सलग धावणं सहज झाल्यावर आठवड्यात एक दिवस ४०० मीटरचे चार तुकडे, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, आणि एक दिवस ६०–८० मीटरच्या सहा स्प्रिंट घ्या. गोळ्याचं तंत्र जाणकाराकडूनच शिका. मनगट आणि खांदा चुकीच्या फेकीने लगेच धरतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजेरी का ओसरते?

कारणं ठरलेली आहेत. पहिल्या दिवशी फार केलेलं असतं आणि आठवडाभर जिना उतरवत नाही. शाळेची बस आणि पाणी येण्याची वेळ पीटीच्या आड येते. म्हणून वेळ ठरवताना उस्तादांच्या सोयीआधी वसाहतीच्या पाण्याची आणि बसची वेळ कागदावर मांडा. साडेपाच किंवा मुलं गेल्यावर साडेसात, यांतलं एक निघतं (उकाड्याच्या महिन्यांत मात्र साडेपाचच). मुलांसाठी पाळी लावा: दोघी मुलं सांभाळतील, बाकीच्या पळतील, पुढच्या दिवशी दुसऱ्या दोघी.

गणपती, निवडणुका आल्या की बटालियन बंदोबस्ताला जाते. मग स्क्वाड बंद पडतं.

उस्ताद एकटेच सगळं चालवत असतील तर पडणारच. सुरुवातीलाच दोघी-तिघींना गट चालवायला शिकवून ठेवा: अंग गरम करण्याचा क्रम, वेळ मोजणं, उष्माघाताची लक्षणं, एमआय रूमचा नंबर. एक वही ठेवा. त्यात तारीख, कोण आलं, आठ आठवड्यांतला कोणता आठवडा चालू आहे आणि कोणाला कुठल्या व्यायामाची मनाई आहे एवढंच लिहा. युनिट बाहेर असताना मैदान मिळेल का, हे अर्जातच विचारून मंजूर करून घ्या, कारण साहेब निघून गेल्यावर मागे राहिलेल्या तुकडीला ते ठरवता येत नाही. नसेल मिळत तर वही घेऊन सेंट्रल पार्क किंवा उपवनला जा आणि तोच आठवडा पुढे चालू ठेवा.